हवालदारांची विचारपूस

शस्त्र खाली ठेवून शुश्रूषेकडे वळलेल्या सैनिकाची हकिकत कानावर आली की तिच्यात एखादे हृदयपरिवर्तन शोधण्याचा मोह आपल्याला आवरत नाही. कलिंगाच्या रणभूमीवरचा अशोक आपल्या मनात उभा असतोच, आणि काल ज्याला प्राण घेण्याचे शिक्षण मिळाले तो आज परक्याचे प्राण राखण्यासाठी रात्र जागवतो आहे, या विरोधातले नाट्य कोणत्याही लेखणीला सहज भुलविणारे असते. ज्या गृहस्थांविषयी आज लिहावयाचे आहे त्यांना मात्र हे नाट्य मुळीच मान्य नव्हते. "मी बदललो कुठं? पलटणीत जे काम केलं तेच इथं करतोय. वर्दी तेवढी पांढरी झाली," असे ते म्हणत, आणि समोरचा मनुष्य आणखी काही ऐकण्याच्या अपेक्षेने थांबलाच तर त्याचा रक्तदाब मोजावयास घेत. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या या म्हणण्याचा मी पुष्कळ विचार केला, आणि ते बव्हंशी खरे असले तरी संपूर्ण खरे नव्हते, अशा निर्णयाप्रत आलो. ते कोठवर खरे आणि कोठे अपुरे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

दुबई शहराच्या दक्षिणेस, जबल अलीच्या बंदराकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या आतल्या अंगाला, कामगारांच्या वसाहतींचा एक विस्तीर्ण मुलूख पसरलेला आहे. उंच इमारतींची छायाचित्रे पाहून जे दुबईस येतात त्यांच्या दृष्टीस तो सहसा पडत नाही. परंतु त्या इमारती बांधणारे हात रात्री जेथे विसावतात ती जागा हीच. तेथील एका बांधकाम कंपनीच्या दवाखान्यात मी औषधनिर्माता म्हणून रुजू झालो तेव्हा हे गृहस्थ तेथे आधीपासूनच परिचारक होते. दवाखाना म्हणजे तीन खोल्या, तपासणीचे दोन पलंग, प्राणवायूची नळकांडी, बर्फाचे यंत्र आणि जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही. डॉक्टर ठराविक वेळी येत. बाकीच्या वेळी ते दूरध्वनीवर, आणि प्रत्यक्ष जागेवर हे. कॅम्पातले बिहारी, तेलुगू, नेपाळी, बंगाली आणि पठाण कामगार त्यांना 'फौजी' म्हणत, केरळच्या परिचारिका त्यांना 'ब्रदर' म्हणत, आणि आम्ही मोजकी मराठी माणसे त्यांना 'हवालदार' म्हणत असू, कारण याच हुद्द्यावरून ते लष्करातून निवृत्त झाले होते.

ते सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचे. ज्या जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द सरकारदरबारी लागतो, तेथल्या मुलाने भरतीच्या रांगेत उभे राहावे यात नवल काहीच नव्हते. नवल एवढेच की पायदळाची स्वप्ने पाहत गेलेल्या या मुलाची निवड लष्कराच्या वैद्यकीय दलात 'नर्सिंग असिस्टंट' म्हणून झाली आणि त्याची रवानगी बेळगावऐवजी लखनौच्या प्रशिक्षण केंद्रात करण्यात आली. आरंभी त्यांना या नेमणुकीची थोडी लाज वाटे, हे ते मोकळेपणाने सांगत. गावाकडे त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नामदेव जाधव यांची कथा ऐकलेली होती. नगर जिल्ह्यातल्या या मराठा शिपायाने १९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीतील सेनिओ नदीकाठी एकट्याने शत्रूच्या मशीनगनचे मोर्चे बंद पाडले, हे त्यांच्या भागातले पोरही सांगू शके. लखनौला असताना एका उस्तादाने त्यांना त्या पराक्रमाचा पूर्वार्ध समजावून दिला: जाधवांनी प्रथम दोन जखमी सोबत्यांना, एकामागून एक, खोल पाण्यातून, चढणीवरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर वाहून सुरक्षित जागी पोहोचवले होते, आणि मोर्चांकडे ते वळले ते त्यानंतर. "लोक उत्तरार्धच सांगत्यात," हवालदार म्हणत. "माझी नोकरी पूर्वार्धातली."

या पूर्वार्धाची किंमत हिंदुस्थानी फौजेला फार महागात कळली, आणि ती कळली आम्ही ज्या आखाताच्या काठावर पोट भरत होतो त्याच आखाताच्या माथ्याशी. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पाठविलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरातील टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना उघड्या गाड्यांतून आणि तुडुंब भरलेल्या बोटींतून टायग्रिस नदीने बसऱ्याकडे आणण्यात आले. मलमपट्टी नाही, पाणी नाही, मलमूत्रात लडबडलेली माणसे दिवसेंदिवस तशीच पडलेली. उरलेली डिव्हिजन कुतच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. विलायतेत चौकशी बसली, १९१७ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. १९२० साली हिंदुस्थानी फौजेसाठी स्वतंत्र इस्पितळी दल उभे राहिले, आणि ३ एप्रिल १९४३ रोजी त्याच्यासह इतर शाखा एकत्र येऊन लष्कराचे आजचे वैद्यकीय दल स्थापन झाले. हवालदारांना हा इतिहास तारीखवार पाठ होता. पराभव गोळ्यांच्या तुटवड्याने जितके होतात तितकेच पट्ट्यांच्या आणि पाण्याच्या तुटवड्यानेही होतात, एवढा अर्थ ते त्यातून काढीत आणि दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटल्यांची मोजदाद पुन्हा एकदा करून घेत.

त्यांच्या सेवेतील सर्वांत कठीण काळ सियाचीनवर गेला. तेथे प्रत्येक चौकीवर डॉक्टर असणे शक्य नसते. असतो तो नर्सिंग असिस्टंट, म्हणजे हातात औषधांची पेटी आणि कानाशी वायरलेस असलेला एक शिपाई. विरळ हवेत धडधाकट तरुणाच्या फुप्फुसांत पाणी भरते. लष्करात या विकाराला 'हापो' म्हणतात. १९६२ च्या युद्धासाठी हजारो जवान घाईघाईने उंचीवर नेले गेले तेव्हा या विकाराचे उग्र स्वरूप लष्करी वैद्यांपुढे आले, आणि इंदरसिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या निरीक्षणावरून १९६९ साली पर्वतीय आजारावर लिहिलेला निबंध जगभर आधारभूत मानला गेला. उपाय साधा आहे: प्राणवायू द्यावा आणि माणसाला त्वरेने खाली उतरवावे. अडचण असते ती आजार कळण्याची, कारण जवान सांगत नाही. डोके दुखते म्हटले तर सोबती हसतील, चौकी सोडावी लागेल, पलटणीचे नाव खाली जाईल, अशा विचाराने तो गप्प बसतो आणि रात्रीत जातो. ही गोष्ट सांगताना हवालदारांनी मला जे सूत्र दिले ते मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही. "दुखतंय का, असं कधी इचारू नका. तो नाहीच म्हणणार. कुठं दुखतंय, असं इचारा."

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवरील सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटच्या चौकीतील दहा जण गाडले गेले. लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ तारखेस दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात वारले, ही वार्ता सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु त्या दहांमध्ये सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचे शिपाई सुनील सूर्यवंशी हेही होते, आणि ते नर्सिंग असिस्टंट होते, याची आठवण फार थोड्यांना असेल. हवालदारांना ती विसरणे शक्य नव्हते. जिल्हा आणि काम, दोन्ही त्यांचेच. सर्वांची नावे प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांनी ती यादी मला मोठ्याने वाचावयास लावली, आणि सूर्यवंशींच्या नावापाशी थांबवून म्हणाले, "ह्यो पोरगा बाकीच्या नऊ जणांचे पाय रोज तपासत असणार."

पंधरा वर्षे पुरी होऊन निवृत्तिवेतन मंजूर झाल्यावर त्यांनी सुरक्षारक्षकाची सोपी वाट धरली नाही. लष्करातला अनुभव कितीही मोठा असला तरी परदेशी नोंदणीसाठी नागरी पदविका आणि राज्याच्या परिचर्या परिषदेची सनद लागते, असे कळल्यावर त्यांनी तीन वर्षांच्या सामान्य परिचर्येच्या अभ्यासक्रमास नाव घातले आणि आपल्या निम्म्या वयाच्या मुलींच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पुढे दाखल्यांचा प्रवास सुरू झाला. दुबईत परिचारकास परवाना मिळण्यापूर्वी त्याचा प्रत्येक दाखला जेथून निघाला त्या मूळ कचेरीकडून पडताळून घेतला जातो आणि त्याशिवाय परीक्षाही द्यावी लागते. लखनौ, पुणे आणि मुंबई येथल्या दप्तरांमधून आपल्याच आयुष्याचे पुरावे गोळा करीत फिरताना त्यांना मनस्वी कंटाळा आला असेल, परंतु तक्रारीचा शब्द मी ऐकला नाही. त्यांना खटकले ते निराळेच. गावात फौजी म्हणून मान होता. 'नर्स' म्हटल्यावर मात्र नातलग ओशाळत आणि 'दवाखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत' असे मोघम सांगून वेळ मारून नेत. हवालदार ती दुरुस्ती भर मांडवात करीत. "हुद्दाबिद्दा काय नाय. नर्स हाय मी."

आता त्यांच्या कामाविषयी. या देशात १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करविण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ती स्थूलमानाने पाळली जाते. परंतु शरीर घड्याळ पाहून तापत नाही. सकाळी दहाला शटरिंगवर चढलेला मनुष्य समुद्राकडच्या दमट हवेत दोन तासांत निथळून जातो, आणि तहान लागल्यावर पाणी पिऊ असे म्हणणारा फार उशिरा पितो. उष्माघातात शरीराच्या आतील तापमान ४० अंशांपलीकडे जाते, माणूस बरळू लागतो, आणि मग प्रत्येक मिनिटाला मोल येते. रुग्णवाहिका बोलावून तिची वाट पाहत बसणे हवालदारांना ठाऊक नव्हते; आधी थंड करा, मग पाठवा, असा त्यांचा शिरस्ता, आणि आधुनिक वैद्यकही तेच सांगते. बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी, काखेत आणि जांघेत बर्फ, वर पंखा, आणि हे सर्व चालू असताना रुग्णाच्या कानाशी त्याच्या गावाचे नाव, मुलांची नावे, मुकादमाचे नाव असे प्रश्नांमागून प्रश्न. उत्तर कितपत सुसंगत येते यावर मेंदूची अवस्था ते ताडीत.

पण त्यांचे खरे कौशल्य असा प्रसंग न येऊ देण्यात होते. संध्याकाळी बसगाड्या परतल्या की ते दवाखान्यात बसून राहत नसत. जेवणाच्या रांगेशी जाऊन उभे राहत. "आज पाणी प्यायलास का?" हा प्रश्न त्यांनी कोणाला केलेला मी ऐकला नाही. ते विचारीत, "आज लघवीला किती वेळा गेलास? रंग कसा होता?" या प्रश्नाने नवखे कामगार संकोचत, जुने हसत, परंतु उत्तर देत, आणि त्या उत्तरात त्या दिवसाचा सगळा हिशेब आलेला असे. शुक्रवारी, आणि पुढे साप्ताहिक सुटी बदलल्यावर रविवारी, ते पायांची तपासणी घेत. हिमदंशाच्या भीतीने रोज बोटे तपासण्याची सियाचीनवरची सवय त्यांनी वाळवंटात आणली होती. तेथे थंडीने काळी पडणारी बोटे शोधावयाची, येथे लोखंडी टोकाच्या बुटांत घामाने कुजलेली कातडी आणि मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्यावरची न दुखणारी जखम. मधुमेह झालेल्याचा पाय दुखत नाही, हेच त्याचे संकट; म्हणून तेथे 'कुठं दुखतंय' हा प्रश्नही अपुरा पडे आणि बूट काढावयास लावणे भाग असे.

लपविण्याची कारणे येथे फौजेपेक्षा अधिक होती. दलालाचे कर्ज डोक्यावर असलेला मनुष्य रोज बुडण्याच्या धास्तीने ताप लपवतो. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत छातीचे क्ष-किरण चित्र काढतात हे माहीत असलेला खोकला लपवतो. हवालदारांनी कामगार कायद्यातील आजारपणाच्या रजेचे कलम तोंडपाठ केले होते: परीविक्षेचा काळ संपल्यावर वर्षाला ९० दिवस, त्यांपैकी पहिले १५ पूर्ण वेतनाचे, पुढचे ३० अर्ध्या वेतनाचे, उरलेले ४५ बिनवेतनाचे. ज्याला वाचता येत नसे त्याला ते हिंदीत ऐकवीत, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा किंचित सैल झाला की दुसरा प्रश्न टाकीत. माहिती आधी आणि चौकशी नंतर, हा क्रम त्यांनी फार विचारपूर्वक ठरविला होता.

आज्ञेविषयीची त्यांची समजूतही अशीच निराळी होती. एका रात्री मधुमेहाच्या एका रुग्णासाठी डॉक्टरांनी दूरध्वनीवरून इन्शुलिनची मात्रा सांगितली. आवाज तुटक येत होता. मी शेजारी उभा होतो आणि मला 'फिफ्टी' ऐकू आले. हवालदारांनी मात्रा कागदावर लिहिली, आणि मग एक एक अंक सुटा करून परत वाचून दाखविली: "वन, फाइव्ह. पंधरा. बरोबर?" डॉक्टर तरुण होते, आपल्यावर अविश्वास दाखविला जातो आहे असे वाटून ते किंचित चिडले, आणि मग 'बरोबर' म्हणाले. पन्नासाने काय झाले असते हे सांगावयास औषधनिर्माता लागत नाही. रुग्णालयांच्या मानांकनात आज तोंडी आदेश लिहून घेऊन परत वाचून दाखविण्याचा नियमच असतो. हवालदारांनी तो वायरलेसवर शिकलेला होता. लोकांना वाटते, सैनिक म्हणजे निमूटपणे आज्ञा पाळणारा. वस्तुतः ऐकलेला हुकूम परत म्हणून दाखविल्याशिवाय तो हुकूमच मानावयाचा नाही, ही शिस्त त्याला पहिल्या वर्षीच शिकवतात.

शुश्रूषा आणि रणभूमी यांचे हे नाते जुने आहे. आमच्याकडे अधूनमधून तपासणीस येणाऱ्या एका अरब परिचारिकेने हवालदारांना रुफैदा अल-अस्लमिया यांची हकिकत सांगितली होती. पैगंबरांच्या काळी मदिनेत तंबू उभारून लढाईतल्या जखमींची शुश्रूषा करणारी ही स्त्री इस्लामी परंपरेतील पहिली परिचारिका मानली जाते. केरळच्या परिचारिका आपल्या दोन संतांविषयी सांगत. एक पोर्तुगालात १४९५ साली जन्मलेले संत जॉन ऑफ गॉड, आणि दुसरे इटलीचे संत कॅमिलस, ज्यांचा जन्म १५५० चा. दोघेही आधी सैनिक होते, आणि कॅमिलस तर जुगाराने कफल्लक झालेले, पायाला कायमची जखम असलेले सैनिक. १९३० साली पोपनी या दोघांना परिचारकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. हवालदार वारकरी घराण्यातले. त्यांनी या तिन्ही कथा भक्तिभावाने ऐकल्या, आणि कॅमिलसच्या जखमेची मलमपट्टी त्या काळी कशाने करीत असतील, अशी पृच्छा केली.

२०२० साली महामारीने कॅम्पांवर घाला घातला. दुबईच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या प्रदर्शन-दालनांत ३,००० खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभारले गेले, आणि मे महिन्यात भारतातून ८८ परिचारिका-परिचारकांची तुकडी खास विमानाने दुबईत उतरली. तिच्यात आमच्या कोल्हापूरकडचीही मंडळी होती. आमच्या कॅम्पात एका खोलीत दाटीने राहणाऱ्या माणसांना एकमेकांपासून दूर ठेवणे हे मोठे दुर्घट काम होते. तेव्हा, माझ्या आठवणीत प्रथमच, हवालदार हतबल होऊन बोलले. "फौजेत असतो तर रातोरात अर्धी बराक रिकामी करून घेतली असती. हितं मी कुणाला हुकूम सोडू?" ते खरे होते. चौकीवरचा आजारी जवान खाली उतरण्यास नाही म्हणू शकत नाही, कारण नर्सिंग असिस्टंटच्या शब्दामागे सगळी पलटण उभी असते. कॅम्पातला कामगार मात्र मान डोलावून निघून जाऊ शकतो. हुकमाची सत्ता नसताना त्यांच्या हाती उरली ती विचारपूस. त्यांनी खोलीखोलीच्या दाराशी उभे राहून, मुखपट्टीआडून, रोज त्याच माणसांना तेच प्रश्न विचारले: वास येतो का नव्हे, सकाळच्या चहाचा वास कसा आला, खोकला आहे का नव्हे, रात्री किती वेळा जाग आली. पहिल्या दिवशी 'ठीक' म्हणणारा चौथ्या दिवशी खरे सांगे.

म्हणून मला वाटते, मी बदललो नाही असे ते म्हणत तेव्हा त्यांनी स्वतःला कमी श्रेय दिले. क्रौर्याकडून करुणेकडे असा प्रवास त्यांनी केला नाही, हे निर्विवाद. करुणा त्यांच्या नोकरीत लखनौपासूनच होती. परंतु हुकमाकडून विचारपुशीकडे असा एक लांबचा पल्ला त्यांनी मुकाट्याने ओलांडला, आणि तो मला अधिक अवघड वाटतो. ज्याच्या शब्दामागे पलटण आहे त्याने माणसे वाचविणे एक. ज्याच्या शब्दामागे स्वतःच्या सांगण्याखेरीज काहीच नाही, त्याने रोज नकार ऐकून रोज परत विचारणे निराळे. त्याला लागणारी चिकाटी कवायतीच्या मैदानावर शिकवता येत नाही; ती फार तर तेथे शिकलेल्या शिस्तीतून पुढे स्वतः घडवावी लागते.

महामारी ओसरल्यावर ते गावी परतले आणि फार दिवस जगले नाहीत. माणमधल्या त्यांच्या अंत्ययात्रेस माजी सैनिकांनी सलामी दिली, असे कळले, आणि ते योग्यच झाले; फौजेच्या हिशेबात त्यांची पंधरा वर्षे लिहिलेली आहेत. कॅम्पातल्या वर्षांचा हिशेब मात्र कोणत्याही दप्तरात सापडणार नाही, कारण ज्याला उष्माघात झाला नाही, ज्याचा पाय कापावा लागला नाही, ज्याला पन्नास युनिटे टोचली गेली नाहीत, त्याच्या नावाचा रकाना कोणीही आखत नाही. मी अजून याच शहरात औषधे देतो. खिडकीशी येऊन जो 'काही नाही, एक गोळी द्या' म्हणतो, त्याला गोळी देण्यापूर्वी मी विचारतो, "कुठं दुखतंय?" बहुतेक जण त्रासून उत्तर देतात. देतात, एवढे पुरते.